धुराड्याची उंची

धुण्याचा सोडा आपल्या घरोघरी ओळखीचा. साबण असो की काच, त्याच्यावाचून कारखान्यांचं पान हलत नाही. शास्त्राच्या पुस्तकात त्याची गणना अल्कलीत होते. हा शब्द मूळचा अरबी. 'अल्-कली' म्हणजे खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख. कैक शतकं सोडा अशा राखेतूनच मिळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मागणी वाढली आणि राख पुरेना.

1791 मध्ये निकोला लब्लां या फ्रेंच वैद्यानं मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. मिठावर गंधकाम्ल घालायचं आणि तयार झालेला पदार्थ कोळसा व चुनखडीबरोबर भाजायचा. कृती साधली, पण क्रांतीच्या धामधुमीत बिचाऱ्याचा कारखाना जप्त झाला. 1806 मध्ये त्यानं आत्महत्या केली. पुढं त्या कृतीवर गब्बर झाले ते ब्रिटनमधले कारखानदार.

पहिल्याच पायरीला हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघे. तो सरळ धुराड्यातून सोडून देत. आसपासची झाडं वाळली, पिकं करपली, जमीनमालक कोर्टात गेले. यावर कारखानदारांनी काय करावं? धुराडं उंच बांधलं! ग्लासगोच्या सेंट रोलॉक्स कारखान्यात 1842 मध्ये चारशे फुटांहून उंच धुराडं उभं राहिलं. वायू थोडा लांब जाऊन पडू लागला, इतकंच. शेजारी सुटला, त्याचा शेजारी सापडला.

खरं तर उपाय 1836 पासून माहीत होता. विल्यम गॉसेज यानं मनोऱ्यात वरून पाणी झिरपत ठेवलं, खालून वायू सोडला, आणि तो पाण्यात विरघळला. पण सक्ती आली ती 1863 च्या अल्कली कायद्यानं. 95 टक्के वायू अडवलाच पाहिजे, असा नियम झाला. रॉबर्ट अँगस स्मिथ हे पहिले निरीक्षक. मात्र कारखाने वाढले, तसे उरलेले पाच टक्केही वाढत गेले! शिवाय अडवलेलं आम्ल अनेक ठिकाणी ओढ्यात जाई. पुढं त्यातून क्लोरीन आणि क्लोरीनमधून ब्लिचिंग पावडर होऊ लागली, तेव्हा कुठं ते फेकून देणं कारखानदारांच्या जिवावर येऊ लागलं. सडक्या अंड्यांचा वास मारणारे गंधकयुक्त गाळाचे ढीग मात्र तसेच पडून होते.

बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यानं धुराड्याचा विचारच केला नाही. 1861 मध्ये त्यानं कृतीच बदलली. मीठ, चुनखडी आणि अमोनिया. त्यातला अमोनिया परत मिळवून पुन्हा वापरायचा. आम्लाचा वायू निघायचा प्रश्नच मिटला. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी 1998 मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. त्यांतलं पहिलं हेच सांगतं, की घाण साफ करत बसण्यापेक्षा ती होऊच देऊ नये.

सॉल्व्हेची कृती आपल्याकडंही आली. 1939 मध्ये स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सचा सोडा गुजरातेत मिठापूरला याच पद्धतीनं होतो. 1873 मध्ये इंग्लंडात याच कृतीसाठी निघालेली ब्रनर मॉण्ड कंपनीही टाटांनी 2006 मध्ये विकत घेतली. पण इथंही कॅल्शियम क्लोराईडचं खारं पाणी मागं उरतंच. त्याचं काय करायचं, हे कोडं सॉल्व्हेलाही सुटलं नव्हतं.