हाली, कळदार आणि पाटीवरचा भाव

लातूरच्या अडतीत तुरीचा भाव हलला की पाटी पुसून पुन्हा लिहावी लागते, हे कोणी सांगायला नको. पण भाव जागीच राहून नाणेच बदलले तर? मराठवाड्याने हा प्रश्न दहा-पंधरा वर्षांत दोनदा सोसला आहे. कामगारांच्या मजुरीचा हिशेब पाहणाऱ्या आम्हा मंडळींना तो विसरून चालत नाही.

निजामी राज्याचा रुपया हाली, ब्रिटिश हिंदुस्थानचा कळदार. शंभर कळदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, म्हणजे सहास सात असा हिशेब. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली, तरी तिचे नाणे लगेच उठले नाही. काही वर्षे दोन्ही रुपये एकाच गल्ल्यात नांदले, आणि घोटाळा असा की दोघांचेही नाव रुपया! समजा, नांदेडच्या गिरणीकामगाराचा पगार 42 हाली होता, तो कळदारात 36 लिहिला. यात खोट काहीच नाही. पण ऐकणाऱ्याला सहा रुपये कापल्यासारखेच वाटणार. आता वाण्याच्या पाटीवर शेरभर डाळीचे 8 आणे हाली असतील, तर तेही 6 आणे 10 पै व्हायला हवेत. कारकुनाने पगारपत्रक बदलले आणि पाटी जुनीच राहिली, तर मजूर डाळीला सहावा हिस्सा जादा मोजतो. पाटीवर मात्र एक अक्षरही बदललेले नसते.

1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, तेव्हा सरकारने शहाणपणा केला. नव्या पैशावर तो रुपयाचा शंभरावा भाग आहे, असे छापलेच. नाण्याने आपली किंमत आपणच सांगावी, हा विचार आम्हाला मोलाचा वाटतो. तरी आणा पडला सव्वासहा पैशांचा. तेव्हा एका आण्याला 6, दोनांना 12, तिनांना 19 अशी तोडजोड करावी लागलीच. पुढे जून 1964 मध्ये 'नवा' शब्द गळाला. सात वर्षांचे नाणे नवे कसले! मध्येच शेराचा किलो झाला, ते निराळेच.

आज महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर जानेवारी-जुलैला महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे बदलतो. फाटकावरचा तक्ता मात्र एकदा रंगवला की रंगवला. एका कारखान्यात आम्ही आग्रह धरला, की आकडे रंगवू नका. कारकून ज्या दरपत्रकावरून पगार काढतो तेच पान, तारखेसकट, काचेत लावा. पत्रक बदलले की काचेतले पानही बदलते. आकडा दुसऱ्या हाताने उतरवून घेण्याचे कारणच उरत नाही. आमचे लोक आता पगाराच्या खिडकीशी जाण्याआधी तिथे थांबून वाचतात.