यॉर्कटाउनची शरणागति

१७७६ सालीं अमेरिकन वसाहतींनीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला खरा. परंतु नुसत्या जाहीरनाम्यानें राज्य हातीं येत नसतें. इंग्रजांचें बळ आरमारांत, आणि वॉशिंग्टनपाशीं तर आरमारच नव्हतें! तें फ्रान्सनें पुरविलें. १७८१ च्या सप्टेंबरांत द ग्रासच्या जहाजांनीं चेसापीक उपसागराचें तोंड अडविलें. जमिनीवरही रोशांबोचे फ्रेंच शिपाई होतेच. यॉर्कटाउनांत लॉर्ड कॉर्नवॉलिस कोंडला गेला. १९ ऑक्टोबरला त्याच्या फौजेनें शस्त्रें खालीं ठेविलीं. स्वारी मात्र आजाराचें निमित्त सांगून पुढें आलीच नाहीं. आमच्या मतें हा विजय निम्मा फ्रेंचांचा होय. १७८३ च्या पॅरिसच्या तहानें इंग्लंडनें हें स्वातंत्र्य मान्य केलें. पुढें हाच कॉर्नवॉलिस गव्हर्नर-जनरल होऊन इकडे आला, आणि १७९२ सालीं त्यानें श्रीरंगपट्टणास टिपूला वेढिलें, तेव्हां हरिपंत फडक्यांची मराठी फौज त्याच्याच बाजूस होती.