ग्लुलम म्हणजे काय? लाकडी घर भूकंपात टिकतं का?

वाळवलेल्या पातळ फळ्या, रेषा एकाच दिशेला ठेवून, ग्लू लावून प्रेसमध्ये दाबल्या की ग्लुलमची तुळई तयार. ओंडक्यात मोठी गाठ निघाली तर तुळई तिथंच कमजोर पडते. इथं गाठी वेगवेगळ्या फळ्यांत विखुरतात.

आमच्या लातूर-नांदेडकडं जुनं लाकडी माळवद म्हटलं की किल्लारी आठवते. पण ३० सप्टेंबर १९९३ ला बऱ्याच घरांचे लाकडी खांब उभेच राहिले. ढासळल्या त्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती! भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो, आणि लाकूड काँक्रीटच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकंच जड असतं. नॉर्वेत तर ग्लुलमच्या सांगाड्यावर १८ मजले उभे आहेत.

मला काळजी वाटते ती वाळवीची. तुळई घेताना वाळवीरोधक प्रक्रिया आणि ओल सोसणारा ग्लू, दोन्ही लेखी मागा.