‘टिळक’ आणि ‘स्वतः’ : दिवंगत पतीचे स्मरण करणारे दोन मराठी ग्रंथ

मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाची साधने म्हटली म्हणजे मिशनांचे वार्षिक अहवाल, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे अंक आणि थोर पुरुषांची चरित्रे ही प्रथम डोळ्यांपुढे येतात. या साधनांचे मोल कोणी नाकारणार नाही. तथापि त्यांत एक उणीव आहे. नोंदवहीत तारीख सापडते, अहवालात कार्य सापडते, चरित्रात गुण सापडतात. परंतु त्या मनुष्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली होती की नाही हे त्यांपैकी एकही साधन सांगत नाही. ते सांगणारी व्यक्ती बहुधा एकच असते, आणि ती म्हणजे मागे राहिलेली पत्नी. तिच्याकडे आपण सांत्वनासाठी जातो. साक्षीसाठी क्वचितच जातो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली. त्या वेळी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांस प्रभूमध्ये निजून पंधरा वर्षे झाली होती. त्यांचा मृत्यू ९ मे १९१९ रोजी मुंबईस झाला. मधल्या काळात जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले होते. ते श्रद्धेने व आस्थेने लिहिलेले असून त्यात महाराष्ट्राचा ख्रिस्ती कवी, अभंगकार आणि भक्त नीट उभा राहतो. चिरंजीव देवदत्त यांच्याही मनात वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, आणि त्याची सामग्री म्हणून त्यांनी आईस आठवणी सांगावयास लावले. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण झालेले नव्हते व लेखनाचा सरावही बेताचाच होता. चरित्रासाठी मागितलेला कच्चा माल देता देता त्यांच्या हातून मराठीतील एक अद्वितीय ग्रंथ होऊन गेला. चरित्रकारास ज्या गोष्टी गाळाव्याशा वाटल्या असत्या, नेमक्या त्याच त्यांनी सांगितल्या, म्हणून तो झाला, असे मला वाटते.

या ग्रंथाच्या चोवीस वर्षे आधी, १९१० साली, रमाबाई रानडे यांचा ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. दोघींच्या लग्नाच्या वेळी वय अकराच्या आसपास. दोघींचे पती विद्वान, लोकांचे पुढारी आणि घराबाहेर अधिक राहणारे. दोघींनी वैधव्यात लेखणी धरली आणि पतीचे स्मरण मुख्यतः घरातल्या बारीकसारीक गोष्टींतून केले. म्हणून हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत.

पहिला भेद डोळ्यांत भरतो तो संबोधनाचा. आपल्याकडे पत्नीने पतीचे नाव घेऊ नये असा दंडक होता. ‘हे’, ‘तिकडे’, ‘इकडून येणे झाले’ अशा वळणांनी ती त्याच्याविषयी बोले, आणि नाव घ्यावयाचेच तर उखाण्यात लपवून घेई. रमाबाईंनी आपल्या ग्रंथात यावर एक विलक्षण तोड काढली. त्या पतीचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने करतात. स्वतः अमुक म्हणाले, स्वतः तमुक गावी गेले. आजच्या वाचकास हे आरंभी अडखळविते. पण काही पाने वाचल्यावर त्या घरात दुसरा ‘स्वतः’ असूच शकत नव्हता हे आपोआप समजते. त्यात आदर आहे, अंतर आहे आणि एक प्रकारचे आत्मविलोपनही आहे. लक्ष्मीबाई मात्र सरळ ‘टिळक’ म्हणतात. टिळक रागावले, टिळक निघून गेले, टिळकांनी पैसे देऊन टाकले. आडनावाने ओळखला जाणारा हा गृहस्थ त्यांच्या लेखी कधी कवी, कधी गुरू, कधी हट्टी मूल. नावामागे लपावयाचे काही उरले नाही म्हणूनच की काय, त्या त्याच्यावर हसू शकल्या. दिवंगत पतीवर प्रेमाने हसणारी स्त्री मराठी गद्यात त्यापूर्वी मला तरी दिसत नाही.

रमाबाई हसत नाहीत असे नव्हे, पण त्यांचे हसणे पुष्कळदा स्वतःवरच उलटते. रानडे वित्तविषयक समितीच्या कामासाठी कलकत्त्यास असताना त्यांनी बंगाली शिकावयास घेतले. पुस्तके आणली, आणि हजामत करावयास येणाऱ्या न्हाव्याला अडलेल्या शब्दांचे अर्थ विचारू लागले. रमाबाईंना या गुरूचे हसू आले व त्यांनी ते बोलूनही दाखविले. रानड्यांनी दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला देऊन विषय संपविला. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी पुढे बसलेल्या या पुरुषाच्या विनयाविषयी शेकडो भाषणे झाली असतील. पण गालाला साबण लावलेल्या स्थितीत न्हाव्याकडून भाषा शिकणारे रानडे ज्याने एकदा पाहिले त्याला ती भाषणे लागत नाहीत. हे दृश्य पत्नीवाचून कोणी टिपून ठेवले असते? सभेतले रानडे सर्वांनी पाहिले होते, सकाळी आरशासमोर बसलेले घरच्यांनी.

आपल्या वाचकांस रमाबाईंच्या ग्रंथातील आणखी एक प्रकरण जवळचे वाटावे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनात काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली असता त्यांच्यापुढे चहा ठेवण्यात आला. कोणी घेतला, कोणी नुसता पेला उचलून खाली ठेवला, आणि त्यावरून शहरात ग्रामण्य माजले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. इतिहासग्रंथांत हा सुधारक व सनातनी यांच्यातील वाद म्हणून येतो. रमाबाईंच्या लेखणीतून तोच प्रसंग घराच्या आतून दिसतो. इतरांची अडचण दूर व्हावी म्हणून पतीने मान तुकविली हे त्यांना कळत होते, तरी त्यांच्या मनाची झालेली घालमेल त्यांनी झाकून ठेविली नाही. एका चहाच्या पेल्याने किती जणांच्या घरची पंगत मोडू शकते, याची कल्पना मिशनरी यजमानांस त्या दिवशी आली असेल की नाही, कोण जाणे.

चहाचा पेला हा रानड्यांच्या घरी एक प्रसंग होता. टिळकांच्या घरी पाणी, पानातले अन्न आणि स्वयंपाकघराचा उंबरठा हाच काही वर्षे सगळा संसार होऊन बसला. ‘स्मृतिचित्रे’ सुरू होतात तीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यापासून. जलालपूरच्या गोखल्यांच्या त्या घरी शिवाशिवीच्या धाकाने बायकामुलांचा जीव मेटाकुटीस येई. हे त्यांनी उगाच आरंभी घातलेले नाही. पुढे काय मोडावयाचे आहे हे वाचकास आधी कळावे लागते.

राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांस नवा करार दिला, ही हकिगत आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगितली जाते. १० फेब्रुवारी १८९५ ही त्यांच्या बाप्तिस्म्याची तारीखही अनेकांस मुखोद्गत आहे. त्या तारखेची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंकडे आहे. पतीने धर्म बदलला हे त्यांस दूरवर, नातलगांच्या घरी कळले. सौभाग्य असून नसल्यासारखे, कडेला लहान दत्तू, आणि भोवती कीव करणारी माणसे. मेहुणे पेंडसे आणि बहीण यांच्या आश्रयाने पंढरपुरास काढलेले दिवस त्यांनी वर्णिले आहेत. ताटातुटीची ही चार-पाच वर्षे चरित्रांत एखाद्या वाक्यात उरकतात. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात त्यांना लांबी आहे, रात्री आहेत, पत्रांची वाट पाहणे आहे. प्रभूच्या मागे जाणारा मनुष्य घर सोडतो तेव्हा ते घर कोठे जाते, हा प्रश्न शुभवर्तमान वाचणाऱ्या प्रत्येकास कधीतरी पडतो. पेत्राच्या सासूचा ताप शास्त्रलेखकांनी नोंदविला. पेत्राची पत्नी मात्र पडद्याआड राहिली. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील एका ओझरत्या उल्लेखावरून ती पुढे त्याच्याबरोबर प्रवासास असे, एवढेच समजते. तिची ‘स्मृतिचित्रे’ असती तर!

पुढे लक्ष्मीबाई पतीकडे अहमदनगरास आल्या त्या ब्राह्मण म्हणूनच. सोवळे चालू राहिले, स्वयंपाक निराळा राहिला. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. या काळाविषयी लिहिताना त्या ना टिळकांस संत करतात ना स्वतःस हुतात्मा. टिळक तापट होते. न सांगता घराबाहेर पडत. बाजारासाठी दिलेले पैसे बाजारापर्यंत पोहोचतीलच याची शाश्वती नसे, आणि पाहुणा आला की शेवटची भाकरी त्याची. हे सारे त्या सांगतात, भांडणांसह सांगतात. परंतु ज्या गोष्टीत पतीने सक्ती करावी अशी साऱ्या जगाची अपेक्षा असते, त्या श्रद्धेच्या गोष्टीत त्याने वाट पाहिली, हेही त्यांच्याच सांगण्यावरून दिसते. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात आपला आपण वाढला, आणि ज्या दिवशी तो पिकला त्या दिवशी त्या कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आपल्या सुवार्तिकांच्या वर्गात हृदयपालटाची लक्षणे शिकविली जातात तेव्हा हा पाण्याचा पेला पुढे ठेवावा. उपदेश करणारा पती शेजारी असून गप्प राहिला, ही या कथेतील सर्वांत अवघड गोष्ट होय. टिळकांसारख्या बोलक्या मनुष्यास तर ती अधिकच अवघड गेली असणार.

याच घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले व लक्ष्मीबाईंच्या मायेचे धनी झाले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकापाशी आगगाडीच्या अपघातात ते गेले. टिळकांनी १९१७ साली मिशनचे काम सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला होता. मंडळीच्या इतिहासात ही घटना भारतीय ख्रिस्तधर्माच्या दृष्टीने फार मोठी मानली जाते, आणि ती आहेच. घराच्या हिशेबात तिचा पहिला अर्थ असा की पगार थांबला. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पहिले लिहिणारे पुष्कळ भेटतात.

येथे आपल्या नित्याच्या सेवेशी संबंध असलेली एक गोष्ट लिहिणे मला अवश्य वाटते. अंत्यविधीच्या वेळी आपण पाळक लोक जे बोलतो ते बहुधा विशेषणांनी भरलेले असते. प्रेमळ पती, आदर्श पिता, मंडळीचा आधारस्तंभ. समोर बसलेली विधवा मान हलविते, कारण तेथे दुसरे काही करणे शोभत नाही. तिच्या मनात त्या वेळी वेगळेच काही असते : त्याला चहा किती गोड लागे, चष्मा कोठे विसरे, रागावला म्हणजे कोणत्या अंगावर निजे. यापो येथे दोर्कस वारली तेव्हा विधवांनी पेत्रापुढे तिच्या गुणांचे व्याख्यान केले नाही. तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे काढून दाखविली. वृद्ध याकोब मिसर देशात मृत्युशय्येवर योसेफाशी बोलताना मध्येच राहेलीवर येतो आणि ती कोठे गेली ते सांगतो : वाटेत, एफ्राथ थोडेसेच उरले असता. राहेलीच्या रूपाचा वा गुणांचा तेथे उल्लेखही नाही. एवढ्या वर्षांनंतर ते उरलेले थोडेसे अंतर त्याच्या मनात तसेच राहिले आहे.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मराठी मंडळ्या भोवतालच्या भाषांत वेढलेल्या आहेत. त्यांचे जुने सुवार्तिक व शिक्षक यांची नावे निदान नोंदवहीत तरी असतात. त्यांच्या पत्नींची पुष्कळ ठिकाणी ‘अमुक यांचे कुटुंब’ एवढ्याच शब्दांत आहेत. त्यांतील जी कोणी आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात हयात असेल तिच्याकडे एक दुपार बसावे. कार्याविषयी विचारू नये. ते ती पाठ केलेल्या वाक्यांत सांगेल. पगार किती येई, तो किती दिवस पुरे, दौऱ्यावरून उशिरा परतल्यावर त्यांना काय वाढावे लागे, बदलीची बातमी घरात कोणी आधी सांगितली, हे विचारावे. तिने तक्रार केली तर तीही लिहून घ्यावी. लक्ष्मीबाईंच्या तक्रारी काढून टाकल्या तर टिळकही त्यांबरोबर निघून जातील.

१९५० साली जोसेफीन इंकस्टर यांनी ‘स्मृतिचित्रां’चे इंग्रजी भाषांतर केले व त्यास ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे ‘मी मागोमाग येते’, असे नाव दिले. भाषांतर प्रामाणिक आहे, नाव मात्र मला पटत नाही. ग्रंथ वाचणारास दिसते ते असे, की ही स्त्री आपल्या वाटेने, आपल्या वेळी, आपली भांडीकुंडी घेऊन आली. टिळकांनी येशूच्या चरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य आरंभिले होते. मृत्यूने ते आरंभीच्या अध्यायांतच थांबले. ज्यांच्या शिक्षणाची चिंता टिळक आयुष्यभर करीत आले त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि पुरे केले. त्यांनी रचलेले अध्याय टिळकांच्या अध्यायांहून कितीतरी अधिक आहेत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, तेव्हा ‘स्मृतिचित्रां’चा शेवटचा भाग अद्याप छापून यावयाचा होता.