निरोप पोचला, वर्दी नाही

पूर्वी पोस्टमन दोन कामं करायचा. एक, पत्र दाराच्या फटीतून आत सरकवायचं आणि दुसरं, 'पोस्ट!' अशी हाक द्यायची. हाक न देता तो निघून गेला तरी पत्र पोचलेलं असायचंच. फक्त ते संध्याकाळी केर काढताना सापडायचं. पत्र पोचणं वेगळं आणि पत्र आल्याची वर्दी पोचणं वेगळं.

आज घरोघरी आणि कचेऱ्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : 'संगणकावर निरोप येतात, पण आल्याचं कळतच नाही.' माझ्या मते या तक्रारीचं मूळ त्या दोन कामांच्या फारकतीत आहे. संगणकात ही फारकत अगदी पहिल्या दिवसापासून आहे. तिचा इतिहास ठाऊक असला, की बिघाड कुठे शोधायचा हेही आपसूक कळतं. म्हणून आज तो थोडक्यात सांगतो.

गोष्ट सुरू होते १९६५ साली, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. तिथे एकच मोठा संगणक अनेक जण वाटून वापरत. टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी त्यावर 'मेल' नावाची आज्ञा लिहिली. तुम्ही कुणाला निरोप पाठवलात, की तो त्या माणसाच्या 'मेल बॉक्स' नावाच्या फाइलच्या शेवटी जोडला जाई. तो माणूस पुढे कधीतरी यंत्रावर काम करायला बसला, म्हणजे आत शिरतानाच त्याला पेटीत टपाल असल्याचं सांगितलं जाई. म्हणजे निरोप ठेवणारा वेगळा आणि वर्दी देणारा वेगळा. शिवाय वर्दी मिळे ती दाराशी. माणूस आलाच नाही, तर ती कुणाला देणार?

पुढे युनिक्स ही संगणकप्रणाली आली. १९७९ च्या तिच्या सातव्या आवृत्तीत आज्ञा स्वीकारणारा जो प्रोग्रॅम होता, त्याच्याकडेच हे काम सोपवता येई. नवी आज्ञा घेण्याआधी तो टपालाच्या फाइलवर नजर टाकी आणि ती बदललेली दिसली तर तसं सांगे. यातली मेख लक्षात घ्या. समजा, तुम्ही यंत्राला तासभराची आकडेमोड लावून दिली आहे. ती संपेपर्यंत हा द्वारपाल दुसऱ्या कामात! निरोप आत येऊन पडलेला, पण वर्दी तासाभरानंतर.

ही अडचण दूर केली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या मंडळींनी. १९८० च्या सुमारास जॉन फोडेरारो यांनी 'बिफ' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. बिफ हे तिथल्या एका विद्यार्थिनीच्या कुत्र्याचं नाव. तो पोस्टमन दिसला की भुंके म्हणून त्याचं नाव दिलं, अशी आख्यायिका सांगतात. पण ती मागाहून चिकटलेली गंमत आहे. तो सगळ्यांचा लाडका होता, एवढंच खरं.

या बिफची रचना मला आजही शिकण्यासारखी वाटते. टपाल टाकणारा प्रोग्रॅम फाइलमध्ये निरोप ठेवी आणि पडद्यामागे सतत जाग्या असलेल्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमला बारीकशी खूण करी. या दुसऱ्याचं नाव 'कॉमसॅट'. कॉमसॅट त्या माणसाच्या पडद्यापाशी जाई, पण लगेच बोलत नसे. आधी पाही, की या पडद्यावर वर्दी द्यायची परवानगी आहे का? 'बिफ वाय' अशी आज्ञा दिली असेल तर परवानगी, 'बिफ एन' असेल तर मनाई. परवानगी असेल तरच तो निरोपाच्या पहिल्या काही ओळी पडद्यावर दाखवी. नसेल तर मुकाट्याने परत जाई. टपाल मात्र पेटीत पडलेलंच असे. पोचवणारा, जागा राहणारा आणि परवानगी देणारा अशी तीन माणसं इथे उभी राहिली. आजच्या कुठल्याही संगणकात नावं बदलून हीच तिघं बसलेली आहेत.

त्यानंतर संगणक टेबलावर आला आणि टपाल मात्र दूरच्या यंत्रावर राहिलं. आता पेटीत काय आहे हे बघायला पुन:पुन्हा जावं लागे. 'पॉप' नावाची जी पद्धत रूढ झाली, तिच्यात दूरचं यंत्र स्वत:हून हाक मारत नसे. आपलाच प्रोग्रॅम दर काही मिनिटांनी जाऊन विचारी, 'काही आहे का?' भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तेव्हा तर आधी फोन लावायचा, मोडेमची ती किरकिर ऐकायची आणि मग टपाल उतरवायचं. वर्दी मिळत नाही अशी तक्रारच नव्हती. कारण वर्दी मिळेल अशी अपेक्षाच नव्हती. १९९७ साली 'आयमॅप' या पद्धतीत एक भर पडली. तिच्यामुळे जोडणी उघडी ठेवून दूरच्या यंत्राकडूनच नव्या टपालाची खूण मिळवता येऊ लागली. जोडणी तुटली, की खूणही बंद.

अमेरिकेत तोवर वर्दीला आवाज फुटला होता. एल्वूड एडवर्ड्स यांनी १९८९ साली आपल्या दिवाणखान्यात साध्या कॅसेटवर चार छोटी वाक्यं ध्वनिमुद्रित केली. 'तुम्हाला टपाल आलंय' हे त्यांपैकी एक. एओएल कंपनीच्या सेवेतून तो आवाज लाखो घरांत पोचला. हे एडवर्ड्स २०२४ साली वारले.

आवाज वाढले, तशी कटकटही वाढली. प्रत्येक प्रोग्रॅम आपापली पाटी फडकवू लागला. म्हणून २०१२ साली विंडोज आणि मॅक या दोन्ही प्रणालींनी सगळ्या वर्द्या आपल्या ताब्यात घेतल्या. आता कुणी, केव्हा आणि किती बोलायचं हे प्रणाली ठरवते. मग आलं मौन. २०१८ मध्ये विंडोज १० ला एक सोय मिळाली : पडदा प्रोजेक्टरवर दाखवत असाल किंवा पूर्ण पडद्यावर खेळ चालू असेल, तर वर्द्या आपोआप गप्प. २०२१ मध्ये मॅकवर फोनशी जोडलेलं मौन आलं. फोनवर शांतता निवडलीत, की टेबलावरचा संगणकही गप्प बसू शकतो.

माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका घरबसल्या भाषांतराची कामं करतात. एका कामाचा होकार दोन दिवसांत कळवायचा होता. पत्र वेळेवर आलं होतं, वर्दी नव्हती. काम दुसऱ्याला गेलं. दुरुस्तीवाल्याने 'व्हायरस असेल' म्हणून संगणक पार पुसून नव्याने भरला आणि त्यात त्यांची काही जुनी भाषांतरं गेली. मूळ कारण एवढंच, की कधीतरी 'सूचना दाखवू का?' असं विचारणाऱ्या पट्टीवर 'नको' दाबलं गेलं होतं.

म्हणून माझं सांगणं, की इतिहासाच्या क्रमाने शोधावं. आधी पेटी स्वत: उघडून बघा. निरोप तिथे नसेल, तर दोष वर्दीचा नाहीच, जोडणी बघा. असेल, तर तो मुख्य पेटीत आहे की एखाद्या नियमाने दुसऱ्या कप्प्यात गेला, ते पाहा. काही प्रोग्रॅम त्या कप्प्यांची वर्दी देत नाहीत. मग, आणणारा प्रोग्रॅम जागा आहे का? खिडकी बंद करताना तोच बंद झाला असेल. नंतर परवानगी, आणि ती एका जागी नसते. प्रणालीत, ब्राउझरमध्ये आणि त्या सेवेच्या स्वत:च्या रचनेतही असते. तिन्हींचा होकार हवा. शेवटी मौन : चंद्राची किंवा घंटीची खूण, ठरवून दिलेल्या वेळा, जोडलेला फोन. एवढं तपासून होईपर्यंत पुसण्या-भरण्याच्या वाटेला जाऊ नये.

आणि एक लक्षात असू द्यावं. वर्दी ही सोय आहे, ती पोच नव्हे. ज्या पत्रावर कुणाची नोकरी, कुणाचं औषध किंवा कुणाचा प्रवेश अवलंबून आहे, त्याच्यासाठी दिवसातून एकदा स्वत: पेटी उघडावी. आणि पाठवणारे आपण असू, तर समोरच्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावण्याआधी एक फोन करावा.