सावकारी पाश

सावकारी पाश : (१९२५). बाबूराव पेंटर (मूळ नाव बाबूराव कृष्णाजी मेस्त्री, १८९०–१९५४) यांचा मूकपट. निर्मिती महाराष्ट्र फिल्म कंपनी, कोल्हापूर. कथा नारायण हरी आपटे. जमीन सावकाराच्या घशात गेल्यावर तरुण शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, असे कथानक. शेतकरी व्ही. शांताराम, सावकार झुंझारराव पवार. कर्जात बुडालेल्या खेड्याचे वास्तव रंगवणारी ही कृती चित्रपटाइतकीच चित्रकलेच्या इतिहासातही नोंदवली पाहिजे.

वास्तवदर्शी चित्रणाचे तंत्र महाराष्ट्रात जे. जे. स्कूलपासून (१८५७) रुजले होते. उणीव विषयाची होती. संस्थानिकांना व्यक्तिचित्रे हवी असत. चित्रकार धुरंधरांनी ऑटो रॉथफेल्डच्या ‘वुमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या ग्रंथासाठी नाना जातिजमातींच्या स्त्रिया रंगवल्या, त्यांत मुख्य लक्ष पेहराव आणि ठेवणीकडे आहे. याउलट अमेरिकेत १९२९ च्या मंदीनंतर ग्रँट वुड, टॉमस हार्ट बेंटन यांनी खेडे कॅनव्हासवर आणले आणि सरकारने टपाल कचेऱ्यांच्या भिंती चित्रकारांना रंगवायला दिल्या. तेथे संकट अचानक कोसळले होते. दख्खनचा शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या कर्जात होता. सावकारांविरुद्धचा सुप्याचा उठाव १८७५ चा, दख्खन कृषक साहाय्य कायदा १८७९ चा. रोजचेच झालेले दैन्य चित्रविषय म्हणून डोळ्यांत भरत नाही; म्हणूनच बाबूरावांची निवड मोलाची ठरते.

चित्रपट म्हणजे चित्रकला नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण बाबूराव आणि त्यांचे नात्यातील भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत या धंद्यात आले. बाबूराव चित्रीकरणाआधी पात्रे आणि वेशभूषा रेखाटत, पुढे भित्तिपत्रकेही रंगवत. छायाप्रकाशाची त्यांची जाण कुंचल्याने घडवलेली होती. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे : मूकपटाची प्रत उरलेली नाही, मग निवाडा कशावर करायचा? कथा, स्मरणलेख आणि त्याच कथेवर बाबूरावांनी केलेला १९३६ चा बोलपट हे आधार आहेत. बोलपटातील अंधुक प्रकाशातली उदास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या मनावर कोरले गेले होते. बोलपटावरून मूकपटाचे सगळे गुण गृहीत धरता येत नाहीत. विषयाची निवड तेवढी निर्विवाद राहते. पौराणिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मूकपटाचे फारसे स्वागत केले नाही, असे सांगितले जाते.



दैन्याच्या चित्रणाची नंतरची परंपरा : १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची रेखाटने करणारे चित्रकार चित्तप्रसाद १९४६ पासून मुंबईत, अंधेरीला राहिले. त्यांचे ‘हंग्री बेंगाल’ हे पुस्तक ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळले.