पाठीतले पाणी काढणे

* कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव तपासणीसाठी घेणे. हाइन्रिख क्विंके या जर्मन वैद्याने १८९१ मध्ये ही पद्धत मांडली. या सुईने मूल लुळे पडते ही भीती अजूनही घरोघरी ऐकू येते. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खालीच घालतात, हे आईबापांना नीट सांगायला हवे. ही टीप ज्या प्रकरणावर आहे, त्यातील मेंदूज्वराचा संशय असलेल्या बाळाची मान ताठ नव्हती. तान्ह्यांमध्ये मेंदूज्वर असूनही ती बऱ्याचदा सैलच असते. ताप, दूध न ओढणे, उचलून घेतले तरी न थांबणारी किरकिर, फुगलेली टाळू एवढ्यावरूनच संशय घ्यावा लागतो. द्रवात लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या, साखर नेहमीइतकी, प्रथिने थोडीच जास्त असतील तर कारण बहुधा विषाणू. जिवाणूंमुळे साखर उतरते, न्यूट्रोफिल पेशी वाढतात. मात्र विषाणूच्या आजारातही सुरुवातीला न्यूट्रोफिलच अधिक दिसू शकतात, आणि अगदी लहान बाळांत एंटेरोव्हायरस असूनही कधीकधी पेशी वाढलेल्या नसतात. म्हणून कल्चरचा निकाल येईपर्यंत त्या बाळाच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक चालू ठेवले, ते योग्यच होते. एंटेरोव्हायरस काही तासांत ओळखणारी पीसीआर चाचणी त्या बाळाच्या आजारपणाच्या काळी नव्हती. — संपा.